बॉडी आधी, इंजिन मागाहून

प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून छोटी मॉडेल-गाडी बनवायच्या किटचा खोका उघडला की सूचनापत्रिकेत पहिल्या पायरीवर इंजिन नाहीतर चासी असते. माझ्या पहिल्या तीन गाड्या मी इमानेइतबारे तशाच, एकपासून सुरू केल्या. इंजिन जुळवलं, सस्पेन्शन जुळवलं, सीटा रंगवल्या. बॉडीपर्यंत पोचले तेव्हा अंगातला निम्मा उत्साह सरला होता. उरलेल्या निम्म्यात भसाभस स्प्रे मारला आणि मोकळी झाले. त्या तिन्ही गाड्या अजून कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मागच्या रांगेत आहेत. इंजिनं झकास झालीत. बॉनेट उघडून ती दाखव, असं मात्र आजवर कुणी म्हटलेलं नाही.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. बॉडी सगळ्यात आधी हातात घ्यायची. कारण साधं आहे: रंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि त्या दिवसांत बाकीची गाडी निवांत होते. मी आठवड्यातून दोन-तीन तास, जेवणाचं टेबल रिकामं झाल्यावर बसते. माझ्याकडे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, नाही आणि घ्यायचा विचारही नाही. तुमचंही तसंच असेल तर पुढचं वाचा.

किट निवडण्याआधी फळी मोजा. प्लॅस्टिकच्या कार-किटमध्ये १:२४ आणि १:२५ ही दोन मापं सर्रास मिळतात. जपानी आणि युरोपीय किट बहुतेक १:२४, अमेरिकी गाड्यांची बरीच १:२५. साडेचार मीटरची गाडी पहिल्या मापात १८.७५ सेंटिमीटर होते, दुसऱ्यात १८. फळीवर शेजारी ठेवल्या तर फरक कळत नाही. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच, म्हणून हिशेब तोंडी होतो. जुनी मिनी, १९५९ची छोटी ब्रिटिश मोटार, जेमतेम ३.०५ मीटर लांब. ती १:२४ मध्ये पावणेतेरा सेंटिमीटरची होते आणि १:४३ मध्ये सात. फॉर्म्युला वन आवडत असेल तर त्या किट बऱ्याचदा १:२० मध्ये असतात. कुठलंही माप घ्या, पण एका फळीवर एकच ठेवा. मिनी जर ट्रकएवढी दिसायला लागली की मांडणीची मजा गेली.

पहिली किट इंजिन नसलेली घ्या. अशा किटमध्ये बॉनेट उघडतच नाही. भाग कमी आणि बॉडी एकसंध. त्यात कमीपणा काही नाही. मी अजूनही त्याच शोधते.

अवजारं थोडकी लागतात. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात त्या फ्रेममधून तोडायला एका बाजूने सपाट धारेचं छोटं निपर, टोकदार पात्याचा कटर आणि भरपूर जादा पाती, बारीक चिमटा, मास्किंग टेप, आणि ४०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर. भाग हाताने पिरगळून तोडायचा मोह आवरा. फ्रेमपासून थोडं लांब एकदा कापायचं, मग भागालगत दुसऱ्यांदा. एकाच कापात उरकलं तर प्लॅस्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग पडतो.

आता बॉडी. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्लॅस्टिकवर केसासारखी बारीक रेघ उठते. ती डोळ्याला लवकर दिसत नाही, नखाला लागते. मडगार्डच्या कडेने, छताच्या खांबांवरून, बंपरच्या कोपऱ्यावरून नख फिरवा. अडखळलं की तिथे रेघ आहे. कटरचं पातं उभं धरून ती अलगद खरवडायची, मग ६०० आणि १०००चा कागद पाण्यात भिजवून फिरवायचा. ही रेघ खऱ्या गाडीला नसते. ती राहिली की गाडी खेळण्यातली वाटते, आणि का वाटते हे बघणाऱ्याला सांगता येत नाही.

त्याच बैठकीत दारांच्या आणि बॉनेटच्या फटी थोड्या खोल करून घ्या. पात्याची पाठ फटीतून तीन-चारदा, अजिबात जोर न लावता ओढायची. प्रायमर (रंगाखालचा अस्तर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून सात-आठ हात बसणार आहेत. उथळ फट त्यात बुजते आणि दार रंगवलेल्या भिंतीसारखं दिसतं.

यानंतर बॉडी भांडी घासायच्या साबणाने धुवायची. साच्यातून प्लॅस्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर आणि आपल्याच बोटांचं तेल, दोन्ही गेलं पाहिजे. धुतल्यावर बॉडीला बाहेरून हात लावायचा नाही. एका बाटलीच्या बुचावर दोन्हीकडून चिकटणारी टेप गुंडाळून ती छताला आतून चिकटवा. बाटली हातात धरून बॉडी सगळीकडून फिरवता येते.

प्रायमर बहुतेक रंगांखाली राखाडी चालतो. लाल आणि पिवळ्याखाली पांढरा घ्या, नाहीतर ते मळकट दिसतात. उलट अडचण लाल प्लॅस्टिकची. लाल प्लॅस्टिकच्या किटवर मी एकदा प्रायमर मारून पांढरा रंग दिला. संध्याकाळी गाडी पांढरी होती, सकाळी गुलाबी. प्लॅस्टिकमधला रंग लॅकरच्या थिनरमध्ये विरघळून वर आला होता. आता अशा बॉडीवर मी आधी रुपेरी रंगाचा एक हात देते, मग प्रायमर. रुपेरी थर खालचा लाल अडवून धरतो.

स्प्रेच्या डब्यावरची अक्षरं नीट वाचा. तामिया या जपानी किट-कंपनीचे टीएस मालिकेचे डबे या कडक प्लॅस्टिकसाठी असतात. पीएस मालिका रिमोटवर धावणाऱ्या गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. दोन्ही डबे दिसायला भाऊभाऊ. पीएस या किटच्या बॉडीवर मारायचा नाही.

डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करून ठेवा. कोमट म्हणजे हात बुडवून निवांत ठेवता येईल इतकंच. गरम पाणी नको आणि गॅसची शेगडी तर बिलकूल नको. रंग पातळ होतो, फवारा बारीक पडतो. मग डबा चांगला हलवून १५ ते २० सेंटिमीटरवरून मारा. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करायचा, गाडीवरून न थांबता न्यायचा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट सोडायचं. बॉडीवर सुरू केलात तर पहिला थेंब बॉनेटवर बसतो. पहिला हात इतका विरळ, की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. तिसरा थोडा ओला, पृष्ठभाग चकाकेल इतका. लांबून मारलं तर रंग हवेतच वाळून संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो, जवळून मारलं तर ओघळतो.

दमट हवेत लॅकर मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंगावर दुधाळ झाक येते. आणि मारताना खिडक्या उघड्या, तोंडाला रसायनांच्या वाफेसाठीचा गाळणीच्या काडतुसाचा मास्क. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

पुढचं काम न करण्याचं आहे, आणि सगळ्यात अवघड तेच. माझ्या निळ्या मिनीच्या बॉनेटवर, उजव्या दिव्याच्या वर, एक अंगठा आहे. माझाच. रंग मारून सहा तास झाले होते, हाताला कोरडा लागत होता, म्हणून उचलून उजेडात धरली. वरचा पापुद्रा वाळलेला, खालचा रंग लोण्यासारखा मऊ. अंगठ्याच्या रेषा इतक्या स्वच्छ उमटल्यात की भिंगातून मोजता येतील. आता मी हात न लावता वास घेते. नाक जवळ नेल्यावर थिनरचा जरासाही वास आला तर रंग वाळलेला नाही. कधी चार दिवस लागतात, कधी दहा. तोवर बॉडीवर खोका पालथा घालायचा, म्हणजे धूळही बसत नाही आणि माझ्यासारख्यांचे अंगठेही.

हे दिवस आतल्या कामाचे. इथे माझा नियम आळशी आहे: काचेतून दिसेल तेवढंच रंगवायचं. डॅशबोर्ड, स्टीअरिंग, सीटांचा वरचा भाग. सूचनापत्रिका या सगळ्याला काळा म्हणते, पण चार वेगवेगळे काळे वापरा. गालिचा मॅट, डॅशबोर्ड अर्धवट चकाकीचा, सीटा गडद राखाडी, टायर त्याहून किंचित फिके. निव्वळ काळा इतक्या लहान मापात भोकासारखा दिसतो. टायरचा जमिनीला टेकणारा भाग पॉलिश पेपरवर चार वेळा घासला की नवेपणाची चकाकी जाते आणि मधली साच्याची रेघही.

गोंद लावण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच बसवून बघा. चांगल्या किटमध्ये बहुतेक भाग टचकन बसतात, आणि तो नेमकेपणा फुकट आलेला नाही. तामियाने १९७६ साली पोर्शे ९३४ची १:१२ मापाची किट काढली, त्यासाठी कंपनीच्या शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी करून पाहिली होती. त्यामुळे भाग बसत नसेल तर माझा पहिला संशय किटवर नसतो. फ्रेमचं एखादं कुसळ राहिलेलं असतं, नाहीतर रंगाचा थर आड येतो.

गोंदाचा पातळ प्रकार घ्या, झाकणाला कुंचला असलेला. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि कुंचल्याचं टोक नुसतं सांध्याला टेकवायचं. गोंद आपोआप फटीत ओढला जातो. तो प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो, म्हणून रंगावर किंवा क्रोमवर चिकटत नाही. चिकटवायच्या जागेवरचं क्रोम आधी खरवडा.

काचांना मात्र हा गोंद नाही आणि सुपरग्लू तर नाहीच. सुपरग्लूची वाफ काचेवर बसून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. माझी एक पुढची काच अशी धुरकटली; पॉलिशने तासभर घासून निम्मी साफ झाली, आणि त्या गाडीत आता कायम हिवाळा असतो. कागदकामाचा साधा पांढरा गोंद वापरा. वाळला की पारदर्शक होतो आणि सांडलेला ओल्या कापडाने पुसता येतो.

बॉडी वाळल्यावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची पातळ चित्रं-अक्षरं. कोमट पाण्यात अर्धं मिनिट, मग बाहेर काढून कागदावरच सरकायला लागेपर्यंत ठेवायचं. वळणावर बसवायचं असेल तर मायक्रो सोलसारखं मऊ करणारं द्रावण लावा. डिकल सुरकुततं आणि आपण घाबरतो. हात लावू नका, वाळताना ते ताणून बसतं. वरून लॅकरचा क्लिअर मारणार असाल तर पहिले दोन हात अगदी विरळ. एकदम ओला मारला तर डिकल विरघळतं.

काचांच्या भोवतीची रुपेरी पट्टी हे माझं आवडतं काम. चिकट पाठीचं अतिशय पातळ बेअर मेटल फॉइल मिळतं. त्याची पट्टी गरजेपेक्षा रुंद कापायची, चिमट्याने खिडकीच्या कडेवर ठेवायची आणि कापसाच्या काडीने मधून बाहेर दाबत न्यायची. दाबता दाबता खालच्या पट्टीचा उंचवटा फॉइलमधून वर येतो, अक्षरावर कागद ठेवून पेन्सिल घासल्यासारखा. मग नवं पातं. नवं म्हणजे आत्ता बसवलेलं. जुन्या पात्याने फॉइल फाटतं. पात्याच्या वजनानेच कडेकडेने कापायचं, जादा फॉइल सोलून काढायचं. एका बाजूच्या दोन खिडक्यांना मला पाऊण तास लागतो. रुपेरी कुंचल्याने पाच मिनिटांत होतं आणि पाच मिनिटांचंच दिसतं.

फटींमध्ये पातळ गडद रंग सोडताना काळा टाळा. लाल गाडीला गडद तपकिरी, पांढरीला राखाडी. काळ्याने गाडी चित्रात रेखाटल्यासारखी दिसते. शेवटी चाकं बसवून गाडी आरशावर ठेवा. एखादं चाक अधांतरी असेल तर तिथे कळतं, आणि गोंद ओला असेपर्यंतच सुधारता येतं.

मांडणीत जागेइतकंच उजेडाला महत्त्व आहे. थेट ऊन पडेल तिथे गाडी ठेवायची नाही. डिकल पिवळी पडतात, लाल रंग उतरतो. बंद कपाट किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी धुळीसाठी हवीच, कारण वायपर आणि आरसे धूळ पुसतानाच तुटतात. पुसायला मेकअपचा मऊ ब्रश. दिवे लावायचे तर एलईडीची पट्टी, वरून थोडी पुढे, म्हणजे उजेड बॉनेटवरून घरंगळतो. गाड्या सरळ रांगेत लावू नका, थोड्या तिरप्या ठेवा. बाजूही दिसते आणि तोंडही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. मऊ टायरमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपतं आणि खालचा रंग किंवा प्लॅस्टिक खातं. रंगवलेल्या फळीवरून दोन वर्षांनी गाडी उचलली तर चार काळपट चौकोन निघाले. आता चासीखाली बाहेरून दिसणार नाहीत असे दोन ठोकळे ठेवते. चाकं फळीला टेकल्यासारखी दिसतात, टेकत नाहीत.

आणि खालच्या कप्प्यातल्या त्या तिघींपैकी एकीची बॉडी गेल्या आठवड्यात उचकटून काढली. सध्या ती झाकणाच्या डब्यात, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडून पडली आहे. काल जुन्या टूथब्रशने घासून पाहिलं: छताचा रंग पापुद्र्याने निघतोय, बॉनेटचा अजून हट्टाला पेटलाय. इंजिन तेच ठेवणार आहे.