मृगाआधी अंबाडीची तयारी: बी कोणते, माती कशी

रोहिणीचे ऊन तापत असतानाच अंबाडीचा विचार करायला हवा. मृगाचा पाऊस पडून वापसा (पेरणीजोगी ओल) आला की बी जमिनीत गेले पाहिजे, म्हणून बी आणि माती दोन्ही आत्ताच हाताशी लागतात. कपाशीच्या धुऱ्यावर किंवा परसात चार दाणे फेकायचे, महालक्ष्म्यांच्या नैवेद्यापुरती भाजी निघाली की काम झाले, एवढ्यावरच आपल्याकडे हे पीक भागवले जाते. थोडी निवड करून लावले तर तीच अंबाडी जुलैपासून डिसेंबरपर्यंत घर पुरवते: आधी पाला, मग बोंडे, शेवटी बी.

तुम्हाला काय हवे, हे आधी ठरवा. पाला हवा, बोंडे हवीत की दोरासाठी वाख, म्हणजे खोडाचे धागे? तिन्हींसाठी एकच बी चालत नाही. बाजारात नुसते ‘अंबाडी’ लिहिलेले पाकीट मिळते आणि आत काय आहे ते सप्टेंबरपर्यंत कळत नाही. भाजीसाठी हिरव्या किंवा लाल देठाची आंबट अंबाडी घ्या. लाल देठाची जास्त आंबट असते, डाळ-कण्यांच्या भाजीत कमी पाल्यात काम होते. लहान मुलांच्या घरी हिरव्या देठाची बरी. सरबत, चटणी, जॅम यांसाठी जाड, गर्द लाल पाकळ्यांची बोंडे देणारा बुटका, फांद्या फुटणारा प्रकार लागतो. सरळसोट वाढणाऱ्या वाखाच्या अंबाडीला बोंडे येतात खरी, पण ती बारीक आणि काटेरी असतात. तिच्यापासून सरबताची अपेक्षा धरू नये.

वाखासाठीच लावायची असेल तर आंबट अंबाडीतले एचएस-४२८८, एचएस-७९१० किंवा आंध्रातल्या आमदालवलसा केंद्राचे एएमव्ही मालिकेतले वाण विचारा. याच कुळातली दुसरी जात म्हणजे केनाफ, तिचे एचसी-५८३ आणि एमटी-१५० हे वाण आहेत. परसबागेसाठी मात्र माझे स्पष्ट मत असे की गावातल्या ज्या घरची अंबाडीची भाजी तुम्हाला आवडते, त्या घरचे बी मागून आणा. ते तुमच्या मातीत आणि तुमच्या पावसात आधीच रुळलेले असते.

केनाफ लावणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. तिची पाने खोल चिरलेली, बोटांसारखी पसरलेली असतात आणि लांबून ती गांजाच्या पानांसारखी दिसतात. शेजाऱ्याने विचारले तर गोंधळून जाऊ नका. गांजाच्या पानात प्रत्येक पर्णिका देठापर्यंत सुटी असते, केनाफच्या पानाचे भाग बुडाशी जोडलेले असतात. केनाफच्या खोडाला बारीक काटे असतात आणि फूल भेंडीसारखे मोठे, फिकट पिवळे, मध्ये गर्द जांभळे असते. फूल आले की शंकाच उरत नाही. अनोळखी माणसाकडून ‘अंबाडीचे’ म्हणून आलेले बी मात्र लावू नका. परवान्याशिवाय गांजाचे झाड लावणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० खाली गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.

पेरणीची तारीख इतकी महत्त्वाची का, तेही सांगतो. अंबाडी दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस लहान होऊ लागले की झाड उंची सोडून फुलाकडे वळते, मग ते दोन हात असो की पुरुषभर. जूनमध्ये पेरलेल्या झाडाला फुलण्याआधी तीन-साडेतीन महिने मिळतात. ऑगस्टच्या शेवटी पेरले तर गुडघाभर झाडच फुलायला लागते. पाल्यासाठी उशिराची पेरणीही चालून जाते, बोंडे आणि वाखासाठी चालत नाही. शहरात गच्चीवर कुंडी ठेवणाऱ्यांनी हे तर पक्के लक्षात ठेवावे. रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड झाडावर पडत असेल तर त्याला रात्र पुरेशी लांब वाटत नाही आणि ते फुलायचे लांबवते. नोव्हेंबरमध्ये नुसता पाला दिसत असेल तर खत वाढवण्याआधी कुंडी दिव्यापासून दूर, अंधाऱ्या बाजूला हलवून पाहा.

आता माती. अंबाडी हलक्या जमिनीत येते, पाऊस ओढ देईल तरी तग धरते, पण पायाशी पाणी साचलेले तिला सोसत नाही. आंबट अंबाडीला बुडखा आणि खोड कुजण्याचा रोग होतो. त्याची बुरशी साचलेल्या पाण्यात झपाट्याने पसरते. जमिनीलगत खोडावर काळपट पट्टा, मग भर पावसात कोमेजलेले झाड. तिथे औषधापेक्षा पाण्याची वाट काढून देणे हाच खरा उपाय, आणि तो मे महिन्यातच करायचा असतो.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या कसदार मातीत सपाट वाफा करू नका. वीतभर उंचीचा गादीवाफा किंवा वरंबा करा, पेरणी वरंब्यावर करा आणि सरी उताराकडे मोकळी सोडा. चांगले कुजलेले शेणखत चौरस मीटरला दोन-तीन किलो पुरे. अर्धवट कुजलेले खत अजिबात नको, त्यातून मुळे कुरतडणारी हुमणी येते. कोकणच्या जांभ्या मातीत निचरा आयता मिळतो, पण ती आम्लधर्मी आणि भुकेली असते. तिथे खत जास्त आणि माती परीक्षणानुसार थोडा चुना पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी घाला. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर ती लोहाची कमतरता असते. तिथे युरिया टाकत सुटू नका.

कुंडीत नुसती काळी माती कधीच भरू नये. ओली झाली की चिखल होते, वाळली की भेगाळते आणि मुळे तुटतात. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भाताचे तूस, त्यात मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण पेरणीच्या पंधरा दिवस आधी करून ओलसर ठेवा. त्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळली तर फार चांगले, तिला खतात वाढायला तेवढे दिवस लागतात. पाल्यासाठी आठ इंच खोल क्रेट चालतो. बोंडांच्या झाडाला पंधरा इंचांची कुंडी आणि कुंडीत एकच झाड. गेल्या वर्षी जिथे भेंडी किंवा कपाशी होती ती जागा आणि ती माती टाळा. सगळी एकाच कुळातली पिके, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही तेच.

बी रात्रभर पाण्यात भिजवून, किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून, अर्धा-पाऊण इंच खोल टाका. भाजीसाठी दाट पेरून विरळणीची रोपेच आधी खायची. बोंडांसाठी दोन झाडांत दोन फूट आणि ओळींत तीन फूट ठेवा. महिनाभराचे झाड झाल्यावर शेंडा खुडला की फांद्या फुटतात, आणि तो शेंडा त्या दिवसाची भाजी होतो. बोंडांच्या झाडाला नत्र आवरते घ्या, जादा नत्राने पाला माजतो आणि मावा-पिठ्या ढेकूण धावून येतात. पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके दिसताच ती फांदी तोडून जाळा, मग निंबोळी अर्क फवारा. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड उपटूनच टाका. तो विषाणू पांढरी माशी पसरवते आणि झाड काही सुधारत नाही. खायच्या पाल्यावर तीव्र कीटकनाशक मारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

फूल गळाल्यावर दोन-तीन आठवड्यांत, आतली शेंग हिरवी असतानाच बोंडे तोडा आणि लाल पाकळ्या सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पाला बेताने खावा, त्यात ऑक्झॅलेट असते. उकडून पाणी काढून टाकण्याची आपल्या आजीची रीत त्यांच्यासाठी योग्यच आहे.

बियाण्यासाठी सर्वांत निरोगी तीन-चार झाडे राखा, त्यांचा पाला खुडू नका आणि बोंडे झाडावरच तपकिरी होऊ द्या. अंबाडीत बहुतेक स्वपरागीकरण होते, म्हणून घरचे बी सहसा जातीला धरून राहते. तरी लाल आणि हिरवी शेजारी असतील तर राखायची झाडे मधली घ्या, सीमेवरची नको. बी काढून झाले की कपाशीच्या पट्ट्यात धसकटे शेतात उभी ठेवू नका. गुलाबी बोंडअळीला अंबाडीवरही आसरा मिळतो. जानेवारीत ती उपटून नष्ट करा, आणि बी राख मिसळून हवाबंद डब्यात भरून त्यावर जातीचे नाव आणि वर्ष लिहा.