एमजीबीचं व्हील अलाइनमेंट आणि वायर-व्हीलचं बॅलन्सिंग

1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबी रोडस्टरमध्ये (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची गाडी) पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि कॅस्टर (चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचा पुढे-मागे कल) कारखान्यातच ठरलेला असतो. आपल्या हातात उरतो फक्त टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली असणं. कॅम्बर चुकीचा निघाला तर कुठलातरी भाग झिजलाय किंवा वाकलाय, हे धरून चाला.

आधी खेळ, म्हणजे भागांमधली सैल हालचाल, तपासा. पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, टायर वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. चाक अधांतरी आहे तोवर दोन्ही बाजूंच्या तीन-तीन निपलमध्ये (ग्रीस भरायच्या तोट्या) ग्रीस भरून घ्या. खेळ असताना केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

आता गाडी सपाट जागी घ्या, हवा नेमकी भरा, पुढचा भाग दाबून सोडा आणि स्टिअरिंग सरळ ठेवा. दोन्ही रिमच्या पुढच्या कडेला, हबच्या उंचीवर, खडूची खूण करून अंतर मोजा. गाडी पुढे ढकलत त्याच खुणा मागे आणा आणि पुन्हा मोजा. (त्याच खुणा का? रिम थोडं वाकडं असलं तरी माप फसत नाही.) पुढचं माप 1.5 ते 2.3 मिलिमीटरने कमी हवं.

फरक जास्त असेल तर टाय-रॉड (स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकाकडे जाणारे दांडे) लांब करा, कमी असेल तर आखूड. रॅक ॲक्सलच्या पुढे असल्यामुळे हे असं. चेकनटबरोबर (रॉड जागेवर धरणारा नट) रबरी बूटची (रॅकच्या टोकावरचं आवरण) क्लिपही सैल करा, नाहीतर बूट पिळून फाटतो. दोन्ही रॉड सारखेच फिरवा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसतं. दोन्हींचे आटे उजवेच (घड्याळाच्या दिशेने आवळणारे) आहेत. चेकनट आवळल्यावर पुन्हा मोजा.

ताशी 90-100 किलोमीटरला स्टिअरिंग थरथरतं ते बहुधा बॅलन्सिंगमुळे. वायर-व्हील म्हणजे तारांच्या स्पोकचं चाक, म्हणून आधी प्रत्येक स्पोकवर पाना हलकेच वाजवा. खणखणीत नाही वाजला तो सैल. रिमच्या आत स्पोकचं टोक वर आलेलं असेल तर घासून घ्या, ते ट्यूब फाडतं.

खरी गफलत बॅलन्सिंग मशीनवर होते. वायर-व्हील हबवर बसतं ते मागच्या-पुढच्या दोन उतारांवर, स्प्लाइनवर (हबवरच्या दात्यांवर) नाही. मशीनचा नेहमीचा छोटा कोन (चाक मधोमध धरणारा शंकू) स्प्लाइनमध्ये घातला की चाक मधोमध बसत नाही. एकदा बॅलन्स झाल्यावर चाक सैल करून अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. आकडा फार बदलला तर कोन चुकलाय.

बसवताना स्प्लाइनवर ग्रीसचा पातळ हात द्या. डाव्या बाजूचा स्पिनर (चाक हबवर आवळणारा मधला मोठा नट) उजव्या आट्याचा, उजव्या बाजूचा डाव्या आट्याचा. अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत चाक निसटेल.