उंचीचा विक्रम करायचाय? फुगा सोडण्याआधी या चुका टाळा

हेलियमच्या फुग्याला यंत्रांची पेटी बांधून उंचीचा विक्रम करायचं ठरलं की सगळी टीम पेटीच्या वजनामागे लागते. कार्बन फायबरचा एक थर कमी करा, स्क्रू काढा, चिकटवा. उत्साह रास्त आहे, पण आधी हिशेब मांडा. वर जाताना हवेची घनता दर पाच किलोमीटरला साधारण निम्मी होते. समजा फुगा, दोर, पॅराशूट, पेलोड (म्हणजे यंत्रांसह पेटी) आणि फ्री लिफ्ट (वजन उचलून वर उरणारा जादा जोर) मिळून पाच किलो होतात. त्यातून अख्खा एक किलो कमी केला, तर उंची दीड किलोमीटरने वाढते. पेटीतले तीस ग्रॅम वाचवले तर जेमतेम चाळीस मीटर. उलट पहाटेच्या घाईत अंदाजाने एक घनमीटर हेलियम जादा भरला, तर वर जाताना फुगत जाणारा रबरी फुगा लवकर ताणला जाऊन सव्वा किलोमीटर खालीच फुटतो.

म्हणून सर्वात मोठी चूक म्हणजे नजरेने गॅस भरणं. पेलोड, पॅराशूट, दोर आणि फ्री लिफ्ट यांच्या बेरजेइतक्या वजनाची पाण्याची बाटली भरणीच्या नळीला बांधा. नळीचं वजनही त्या बेरजेतच धरायचं. वारा पडलेला असताना बाटली जमिनीवरून नुसती तरंगली की व्हॉल्व्ह बंद करा. जपानच्या जाक्सा या अंतराळ संस्थेचा फुगा २०१३ साली ५३.७ किलोमीटरवर पोहोचला, तो फुग्याच्याच २.८ मायक्रॉन जाडीच्या फिल्ममुळे. वजन वाचवायचं ते एकूण बेरजेतून, नुसत्या पेटीतून नाही.

ट्रॅकर (फुग्याची जागा कळवणारं यंत्र) टेबलावर बोलतो, पेटीत गेला की गप्प

कार्बन फायबरमधून वीज वाहते, त्यामुळे कार्बनची बंद पेटी रेडिओ लहरी अडवते. जीपीएसही आंधळा होतो. अँटेना बाहेर काढा, किंवा तेवढी भिंत ग्लास फायबरची करा. चाचणी झाकण लावूनच घ्यायची: एकाने पेटी घेऊन पन्हाळ्यावर जावं, दुसऱ्याने कोल्हापूर शहरातल्या उंच गच्चीवर रिसीव्हर लावावा. तेवढ्या अंतरातही सिग्नल तुटत असेल, तर आकाशातून येईल ही आशा सोडा.

ट्रॅकर बारा किंवा अठरा किलोमीटरवर अचानक थांबला, तर दोष पेटीचा नाही. अनेक जीपीएस मॉड्यूलना उंचीची मर्यादा घातलेली असते. यू-ब्लॉक्स कंपनीचं मॉड्यूल ‘एअरबोर्न’ म्हणजे उड्डाणाच्या मोडवर ठेवा, आणि वीज गेल्यावर ती सेटिंग टिकते का, तेही बघा.

परत आलेल्या पेटीची भिंत फुगलेली

हा प्रकार मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण याचं मूळ वर्कशॉपमध्ये असतं. तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण एक टक्का उरतो. पेटीच्या भिंतीतल्या हनीकोंबच्या (पोळ्यासारख्या गाभ्याच्या) बंद घरांत अडकलेली हवा मग दर चौरस सेंटीमीटरला जवळपास एक किलोच्या जोराने भिंतीची कातडी, म्हणजे वरचा पातळ थर, बाहेर ढकलते. जोड कच्चा असेल तर थर सुटतो. आतल्या बाजूने बारीक भोकं पाडा, आणि एक तुकडा कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हॅक्यूममध्ये ठेवून पाहा.

जोड कच्चा का राहतो? कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत पॉलिस्टर रेझिनवर हात बसलेले उत्तम कारागीर आहेत. पॉलिस्टरला कॅटॅलिस्ट थोडा वाढवला की काम लवकर आटपतं. ती सवय इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनला चालत नाही. तिथे हार्डनर ठरलेल्या प्रमाणातच, ग्रॅमच्या काट्यावर मोजून घालायचा. जास्त घातला की लॅमिनेट (रेझिनने चिकटवलेले फायबरचे थर) कायमचं मऊ राहतं. दुसरा घात पावसाळी हवेचा. आषाढात घट्ट झालेल्या इपॉक्सीवर बोट फिरवून बघा, मेणचट चिकट थर लागतो. त्यावर पुढचा थर दिला तर तो धरतच नाही. आधी कोमट पाण्याने घासून धुवा, पूर्ण वाळवा, मगच पॉलिश पेपर मारा. उलट क्रमाने केलंत तर तो मेणचटपणा खाचांत जाऊन बसतो.

धातूचे तुकडे चिकटवतानाही जपा. जमिनीवर तीस अंश आणि सोळा-सतरा किलोमीटरवर उणे सत्तरच्या आसपास, म्हणजे शंभर अंशांचा फरक. तेवढ्यात ३०० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी ०.७ मिलिमीटर आखडते. कार्बन जवळजवळ जागचा हलत नाही. लांब पट्टीऐवजी छोटे तुकडे लावा.

हंगाम आणि परवानगी

पावसाळ्यात आपल्या डोक्यावर चौदा-सोळा किलोमीटरला पूर्वेकडून जोरदार वारे वाहतात आणि कोल्हापूरपासून समुद्र शंभर किलोमीटरच्या आसपास. जूननंतर सोडलेला फुगा कोकण ओलांडून पाण्यात जाण्याचीच भीती जास्त. हिवाळ्यात वरचे वारे सहसा पश्चिमेकडून येतात. उद्योगपती विजयपत सिंघानियांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून हॉट एअर बलून २१,०२७ मीटरवर नेला आणि सिन्नरजवळ उतरवला. तरी उड्डाणाच्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय सिलिंडर उघडू नका.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर प्रवासी विमानं उतरतात, तेव्हा डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची लेखी परवानगी हातात हवीच. कोणता विक्रम, कोणत्या वर्गात, उंची कोण प्रमाणित करणार, हे विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेकडून आधीच लेखी घ्या. उड्डाणानंतर नियम शोधून उपयोग नसतो.

पूर्वेकडे गेलेली पेटी बऱ्याचदा सीमेपलीकडे उतरणार, त्यामुळे चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा: आत धोकादायक काही नाही, कृपया उघडू नका, या नंबरवर फोन करा. उंचीची मूळ नोंद त्याच पेटीतल्या मेमरी कार्डवर असते, म्हणून नंबर सहाही बाजूंना लिहा.