साताऱ्याचा पिनकोड ४१५००१ हाताने कसा फोडावा

साताऱ्याचा पिनकोड ४१५००१ ही संख्या मूळ आहे, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेवटचा अंक १, अंकांची बेरीज ११, आणि ७, ११ किंवा १३ नेही भाग जात नाही. एवढ्यावर शेरा मारून ते मोकळे होतात. ती मूळ नाही.

प्रथम २ ते १३ पर्यंतच्या कसोट्या लावून घ्याव्यात. सांगलीचा ४१६४१६ येथेच संपतो, कारण ४१६ दोनदा लिहिलेले दिसताच तो ४१६ × १००१ होतो आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३.

साताऱ्याचे काम खरे यापुढे सुरू होते. वर्गमूळ ६४४ च्या किंचित पुढे येते, म्हणून ६४४ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला तो देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशा मूळ संख्या ११७ आहेत आणि भाग जातो तो ११२ व्या संख्येने. तोवर कोठेतरी एक हातचा निसटतो आणि संयुक्त संख्या मूळ ठरून बसते.

त्याऐवजी सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याची रीत वापरावी. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यावी, म्हणजे ६४५. खालची ६४४ घेऊ नये. तिचा वर्ग ४१४७३६ हा मूळच्या संख्येहून लहान असल्याने वजाबाकी ऋण येते. ६४५ चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केल्यास १०२४ उरतात, आणि १०२४ हा ३२ चा वर्ग आहे. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र लावले की ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७ हे अवयव पहिल्याच फटक्यात हाती येतात.

बाकी पूर्ण वर्ग आली नसती तर ६४६ कडे वळायचे नाही, थेट ६४७ घ्यायचे. संख्येला ४ ने भागल्यावर १ उरतो, त्यामुळे वर्ग करायची संख्या विषमच असावी लागते. बाकीच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्गमूळ काढत बसू नये. मात्र ही रीत अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच पावते. याच आकाराची संख्या ३ आणि एका मोठ्या मूळ संख्येचा गुणाकार असती, तर हजारो वर्ग तपासावे लागले असते; सुरुवातीच्या कसोट्या म्हणूनच टाळू नयेत.

६१३ आणि ६७७ मूळ आहेत का, हे २३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून ठरते. दोन्ही मूळ आहेत.

पुढचे गुणधर्म आपोआप मिळतात. विभाजक चारच, त्यांची बेरीज ६१४ × ६७८ = ४१६२९२. शिवाय ६१३ = १८² + १७² आणि ६७७ = २६² + १² असल्याने, ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाणारे नित्यसमीकरण (दोन वर्गांच्या दोन बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीजच असतो) वापरून ४१५००१ ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येते: ४५१² + ४६०² आणि ४८५² + ४२४².