अमेरिकेच्या दोस्तांचा जमाखर्च घरी कसा मांडावा

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर दर आठवड्याला कुणीतरी म्हणतंच, "अमेरिका जपानला, जर्मनीला फुकट पोसते." माझी तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. बंदराची किंमत मला पैशांपेक्षा दिवसांत पटकन कळते. म्हणून हा हिशेब मी माझ्या पद्धतीने मांडतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

सामान थोडकंच: मुलांचा पृथ्वीगोल, शिवणाचा दोरा, वही. भिंतीवरचा नकाशा नको, बहुतेक नकाशांत पॅसिफिक मधोमध चिरलेला असतो. वहीच्या पानावर रेघ मारा. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.

आधी नावे बाजू भरा, आणि प्रामाणिकपणे भरा. जपानमध्ये सुमारे 54,000 अमेरिकी सैनिक आहेत, दक्षिण कोरियात सुमारे 28,500. त्यांचे पगार अमेरिका देते. त्याखाली एक बिनआकड्याची रक्कम लिहा: दोस्तावर हल्ला झाला तर आपली पोरं लढायला पाठवण्याची हमी. सगळ्यांत जड रक्कम हीच. ती लपवलीत तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

आता दोऱ्याचं एक टोक कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोवर धरा, दुसरं टोकियोच्या उपसागरातल्या योकोसुकाच्या अमेरिकी नौदल तळावर. अंतर सुमारे 5,000 सागरी मैल. 15 नॉटने, म्हणजे तासाला 15 सागरी मैलांनी जा, चौदा दिवस लागतात. परतीचे चौदा वेगळे. नौदलांचा एक ढोबळ नियम आहे: दूरच्या समुद्रात एक जहाज कायम उभं हवं असेल तर तीन बाळगावी लागतात. एक तिथे, एक दुरुस्तीत, एक सरावात किंवा वाटेत. जहाजाचं घरच तिथे असेल तर हा गुणाकार खाली येतो. 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही विमानवाहू नौका आज योकोसुकालाच राहते, दुरुस्तीही तिथेच. विमानवाहू नौकेची किंमत अब्जावधी डॉलरमध्ये असते, तेव्हा वाचलेल्या नौकेचा आकडा जमा बाजूला लिहिताना हात जरा सैल सोडा.

गोदी म्हणजे काय ते मी एकदा भोगलंय. भर पॅसिफिकमध्ये आमच्या मुख्य इंजिनाचा एक लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, तडकला. तो सिलिंडर बंद ठेवून रखडत योकोहामा गाठलं. उपसागरात शिरताना डाव्या हाताला योकोसुकाची करडी जहाजं दिसली, आणि मनात आलं, यांचं काही बिघडलं तर कारागीर उंबऱ्यावरच उभा. तिथली सहा नंबरची सुकी गोदी जपानने अमेरिकेशी चाललेल्या युद्धात 'शिनानो' ही महाकाय नौका बांधायला वापरली होती. आज तिथे अमेरिकेची जहाजं दुरुस्त होतात. तळावरच्या जपानी कामगारांच्या पगाराचा मोठा भाग आणि वीजपाण्याच्या बिलांतला वाटा जपान सरकार भरतं. 1978 पासूनच्या या खर्चाला तिकडे 'ओमोइयारी' म्हणजे कणवेचं बजेट म्हणतात. अलीकडच्या करारात हा आकडा वर्षाला सुमारे 21,000 कोटी येन आहे. फुकट पोसणं म्हणतात ते हेच का?

पुढची नोंद रक्ताची. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीचं पाचवं कलम, एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, 1949 पासून एकदाच लागू झालं, तेही अमेरिकेसाठी, 11 सप्टेंबर 2001 नंतर. नाटोची सात टेहळणी विमानं अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. अफगाणिस्तानात डेन्मार्कचे 43 सैनिक गेले. साठ लाखांच्या आतबाहेरचा देश तो. हे मात्र जमा बाजूला आकडा म्हणून लिहू नका, नुसतं लिहा.

ताळा घ्यायचा असेल तर दार बंद झालं तेव्हाचे दाखले काढा. 1 मार्च 2003 ला तुर्कस्तानच्या संसदेत इराकवरच्या चढाईसाठी अमेरिकी फौजेला वाट देण्याचा ठराव, विरोधापेक्षा बाजूने जास्त मतं पडूनही, हजर सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्याने पडला. एका अख्ख्या डिव्हिजनचं सामान घेऊन जहाजं भूमध्य समुद्रात ताटकळत होती. ती सुएझमधून, अरबस्तानला वळसा घालून कुवेतला न्यावी लागली. दोरा धरून बघाच, केवढा वळसा पडतो. फिलिपिन्सच्या सिनेटने 1991 मध्ये 12 विरुद्ध 11 मतांनी तळांचा करार नाकारला, 1992 मध्ये सुबिक बे हा तिथला अमेरिकी नौदल तळ सुटला. 1995 मध्ये फिलिपिन्सही दावा सांगतो त्या दक्षिण चीन समुद्रातल्या मिस्चीफ रीफ या प्रवाळ खडकावर चिनी बांधकाम दिसलं. एकामुळेच दुसरं झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण 2014 मध्ये नवा करार झाला, आणि आता अमेरिकेला तिथले नऊ तळ वापरता येतात. परत यायला बावीस वर्षं लागली, ती नोंदवा.

एक चूक हमखास होते. आमच्या कट्ट्यावरच्या बँकवाल्यानेही केली. नाटोच्या देशांनी 2025 मध्ये हेगला मान्य केलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे पाच टक्के त्याने अमेरिकेच्या जमा बाजूला लिहिले, जणू घरभाडंच. तो पैसा अमेरिकेला जात नाही. प्रत्येक देश तो स्वतःच्या फौजेवर, आणि त्यातला दीड टक्का रस्ते-पूल, सायबर सुरक्षा वगैरेंवर 2035 पर्यंत खर्चायला लागणार आहे. ती ओळ खोडून त्याला पान नव्याने मांडावं लागलं. दोरा मात्र त्याने अजून परत केलेला नाही.