टॉक्सिकॉलॉजीच्या मुलाखतीला निघालात? आधी एलडी-५० पक्कं करा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुलं झूलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतात आणि नोकरीसाठी ताप्ती लाइनची गाडी धरतात. सुरत ओलांडलं की अंकलेश्वर, वापी. रसायनांचे कारखाने तिकडे, आणि त्यांचा माल किती विषारी ते तपासणाऱ्या टॉक्सिकॉलॉजीच्या, म्हणजे विषशास्त्राच्या, प्रयोगशाळाही. मीही त्याच वाटेने गेलो. आता नव्या उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो: एलडी-५० म्हणजे काय?

‘लीथल डोस फिफ्टी, सर’ इथपर्यंत सगळे येतात. पुढे गाडं अडतं. कुणाला ५० म्हणजे पन्नास मिलिग्रॅम वाटतं, कुणाला पन्नास उंदीर. खरं तर ते पन्नास टक्के आहेत. पदार्थ ठरावीक मार्गाने एकदाच दिला, तर चाचणीतले निम्मे प्राणी ज्या डोसला दगावतील असा अंदाज निघतो, तो डोस. मोजतात प्राण्याच्या वजनाच्या हिशोबाने, दर किलोला इतके मिलिग्रॅम.

निम्मेच का, हा पुढचा प्रश्न. १९२७ मध्ये जे. डब्ल्यू. ट्रेवन यांनी हे माप मांडलं, ते डिजिटॅलिस या हृदयावरच्या औषधासारख्या औषधांची ताकद एका पट्टीवर मोजता यावी म्हणून. ‘मारणारा सर्वांत कमी डोस’ शोधायला गेलं, तर एखादा अशक्त उंदीर सगळा आकडा खाली ओढतो. सगळे मरेपर्यंत थांबलं तर एखादा चिवट उंदीर तो वर नेतो. मधला बिंदू त्या मानाने स्थिर राहतो. एवढं कारण सांगणारा उमेदवार माझ्या लक्षात राहतो.

आकडा उलटा वाचायचा असतो, हेही पुष्कळांच्या डोक्यात बसत नाही. लहान आकडा म्हणजे जास्त जहाल. यासाठी पुस्तकाची गरज नाही, गावातल्या कृषी सेवा केंद्रात जा. औषधाच्या बाटलीवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार तोंडावाटेचा एलडी-५० दर किलोला १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्याच्या वर हिरवा. लाल रंगाला कवटी आणि हाडं. कातडीवाटेच्या मर्यादा वेगळ्या आहेत, लाल तिथे २०० पर्यंत जातो. आमच्याकडे कपाशीच्या फवारणीला निघालेला माणूस हा रंग रोज बघतो, त्यामागचा आकडा मात्र त्याला कुणी सांगितलेला नसतो.

सुट्टीत घरी गेलो की काका हटकून बाटली पुढे करतात. एकदा तणनाशकाचा डबा दाखवून म्हणाले, “हाऊ पिवळा शे, लाल नही. मंग काय व्हत नही ना?” डबा पॅराक्वाटचा होता. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. जागतिक आरोग्य संघटना पॅराक्वाटला ‘मध्यम धोकादायक’ गटात धरते, कारण उंदरांवरचा आकडा तसाच आहे. माणसात मात्र ते फुप्फुसं निकामी करतं, तेही काही दिवसांनी, आणि त्यावर उतारा नाही. पिवळा रंग उंदराबद्दल बोलतो, काकांबद्दल नाही. त्यांनी त्याच दिवशी पाठीवरचा गळका पंप दुरुस्तीला टाकला.

म्हणून उंदराचा आकडा घेऊन माणसाच्या साठ किलोंनी गुणायचं, हा हिशोब मुलाखतीत करू नका. गुणाकार बरोबर येतो, अर्थ चुकतो. एलडी-५० फक्त एका वेळच्या डोसबद्दल सांगतो. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर काय, कॅन्सर, गर्भावरचा परिणाम, यातलं काहीही त्यात नाही. त्यासाठी वेगळे अभ्यास असतात आणि त्यांचे आकडेही वेगळे. हवेतून किंवा पाण्यातून संपर्क असेल तर एलसी-५०, म्हणजे लीथल कॉन्सन्ट्रेशन फिफ्टी, तिथे डोस नसतो, हवेतलं किंवा पाण्यातलं प्रमाण असतं.

आता वापराचं. रिपोर्टमध्ये हा शब्द एकटा कधी येत नाही. साचा असा असतो: ‘द अ‍ॅक्यूट ओरल एलडी-५० इन फीमेल रॅट्स वॉज ग्रेटर दॅन २००० मिग्रॅ पर किलोग्रॅम बॉडी वेट.’ म्हणजे उंदरांच्या माद्यांना तोंडावाटे एकदाच दिल्यावर एलडी-५० दर किलोला २००० मिलिग्रॅमच्या वर. प्राणी, लिंग, मार्ग, एकक, सगळं एका वाक्यात. यातलं एक जरी गळलं तर आकडा निरुपयोगी. ‘ग्रेटर दॅन’ बघून गोंधळू नका. २००० पर्यंत देऊनही निम्मे मेले नाहीत, मग नेमका आकडा शोधायला आणखी प्राणी मारायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. आणि ‘एलडी-५० डोस’ म्हणू नका, डोस आत आहेच.

जुनी पद्धत प्राणी फार खायची. रसायनांच्या चाचण्यांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या पद्धतीची मार्गदर्शिका, क्रमांक ४०१, २००२ मध्ये काढून टाकली. आता ४२०, ४२३, ४२५ चालतात. ४२३ मध्ये एका पायरीला तीनच प्राणी, बहुधा माद्या, आणि सुरुवात ५, ५०, ३०० किंवा २००० पैकी एका डोसने. उंदीर रात्रभर उपाशी, सकाळी वजन, मग नळीने थेट पोटात डोस. पहिला अर्धा तास पिंजऱ्यासमोरून हलायचं नाही. लाळ, थरथर, उभे राहिलेले केस, डोळ्यांतलं पाणी, दिसेल ते वेळेसकट लिहायचं. पुढे चौदा दिवस रोज बघणं आणि शेवटी शवविच्छेदन. हे काम सगळ्यांना झेपत नाही. झेपणार नसेल तर रेग्युलेटरी लिखाणाकडे, म्हणजे सरकारी मंजुरीसाठीची कागदपत्रं लिहिण्याकडे, वळा, तिथेही हीच भाषा लागते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. कोणत्याही रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांचं माहितीपत्रक, उघडा, भाग ११ काढा. टॉक्सिकॉलॉजीची माहिती तिथे ठरलेल्या साच्यात असते. महिनाभर रोज एक भाग मोठ्याने वाचा. व्याकरणाच्या क्लासपेक्षा हे स्वस्त, आणि मुलाखतीत वाक्यं तीच लागतात.