कातडी रापवायची सवय कशी सोडायची आणि अंगावरचे तीळ कसे तपासायचे

हातातलं घड्याळ काढा, पट्ट्याखालची कातडी बघा आणि मग शेजारची बघा. हा जो फरक दिसतोय ना, तो नुसता चढलेला रंग नाहीये, उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशींमधला डीएनए दुखावला की कातडी स्वतःला वाचवायला जास्त मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, बनवते, म्हणजे टॅन (रापलेला रंग) दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. टॅन उतरतो, पण आतलं सगळं भरून निघतंच असं नाही, ते वर्षानुवर्षं साठत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो तो तिथूनच.

त्यामुळे मुद्दाम उन्हात पडून रंग आणत असाल तर आधी ते बंद करा. "थोडं रापून घेतलं की मग भाजत नाही" असं म्हणतात, पण तो टॅन फार तर एसपीएफ ३-४ एवढंच काम करतो (एसपीएफ म्हणजे उन्हाने भाजण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा). आणि टॅनिंग बेडच्या, म्हणजे कृत्रिम अतिनील दिव्यांखाली झोपून रंग आणायच्या यंत्राच्या, तर वाटेलाच जाऊ नका, २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत, टाकलंय. रंग हवाच असेल तर डीएचएवालं (कातडीच्या वरच्या थराला तात्पुरता तपकिरी रंग देणारं) लोशन लावा, फक्त त्याने उन्हापासून काहीच बचाव होत नाही हे लक्षात ठेवा.

बाहेर पडताना स्वतःची सावली बघायची. ती तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, झाकून घ्या नाहीतर आडोशाला थांबा. फोनवर यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, दिसतो, ३ किंवा वर असेल तर टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन हे हवंच, ढग असले तरी.

सनस्क्रीनमध्ये बहुतेकांचं चुकतं ते प्रमाणात. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (कातडी भाजणारे अतिनील किरण) अडवतं आणि ५० वालं ९८, म्हणजे आकड्याने फार फरक पडत नाही, पण वाटाण्याएवढं घेऊन तोंडभर पुसलं तर ३० चे ३० मिळतच नाहीत. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा ओढा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारं) लिहिलेलं घ्या, निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी परत, आणि घाम आला, पोहून आलात, टॉवेलने पुसलंत तरी परत. कान आणि मानेची मागची बाजू हमखास राहते.

आता तपासणी, आणि कृपा करून हे टाळू नका. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहा, पाठ दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. एखादा तीळ दोन बाजूंनी सारखा नाही, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा नुसता बदलतोय, यातलं काहीही दिसलं तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सावळ्या लोकांना धोका कमी असतो हे खरं, पण त्यांच्यात मेलानोमा (रंग बनवणाऱ्या पेशींचा घातक कॅन्सर) बऱ्याचदा तळपाय, तळहात, नखाखाली होतो, त्याचा उन्हाशी फारसा संबंधही नसतो आणि म्हणून तो उशिरा सापडतो. गायक बॉब मार्लेला पायाच्या नखाखाली झाला होता, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला तो. नेलपॉलिश काढून बघा, एकाच नखात काळी रेघ रुंद होत चाललीये का.

तीळच असेल असंही नाही. आमच्या जवळच्या एकांना नाकाशेजारी बारीक पुळी होती, खपली धरायची, निघायची, जरासं रक्त यायचं, परत धरायची, आठ महिने ते घरचं मलम लावत बसले आणि बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, निघाला. कापून काढला, आता बरे आहेत, पण तेवढ्या महिन्यांत जखम मोठी झाली आणि नाकावर व्रण कायमचा राहिला. म्हणून चार आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम डॉक्टरला दाखवायची, दुखत नसली तरी.